लष्करी की मुलकी? गोव्याची केस

तुलनात्मक राजकारणावर काम करायचं म्हटलं की आपण लगेच दोन रकाने आखतो: लष्करी राजवट आणि मुलकी राजवट. मग १९६२ चा गोवा कुठे टाकाल?

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता संपली आणि मेजर जनरल के. पी. कँडेथ मिलिटरी गव्हर्नर झाले. जून १९६२ मध्ये टी. शिवशंकर नायब राज्यपाल म्हणून आले, म्हणजे कारभार मुलकी झाला. विधानसभेची पहिली निवडणूक मात्र डिसेंबर १९६३ मध्ये झाली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

त्याच काळात पाकिस्तानात अयुब खान होते. तेही लष्करातलेच. पण कँडेथ यांना दिल्लीतलं निवडून आलेलं सरकार परत बोलावू शकत होतं. अयुब यांनी १९५८ मध्ये सत्ता घेतल्यावर त्यांच्या वर असं सरकारच उरलं नाही.

म्हणून गणवेश बघून वर्गीकरण करू नका. दोन प्रश्न वेगळे विचारा. सत्तेवरच्या माणसाला कोण काढू शकतं? आणि त्यात तिथल्या मतदाराला काही स्थान आहे का? गोव्यात जून १९६२ ला पदावरची व्यक्ती बदलली, पण दोन्ही उत्तरं तीच राहिली. दुसरं उत्तर बदललं ते १९६३ मध्ये.

नुसतं पदनाम नोंदवलंत, तर विधानसभेविना गेलेलं ते दीड वर्ष तुमच्या तक्त्यात दिसणारच नाही.