इयत्ता कुठली, दाखला कुठला?

आपल्याकडे मूल एका शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घालायचे म्हणजे आधी शाळा सोडल्याचा दाखला काढायचा. जन्मतारीख, वर्तणूक, कोणत्या इयत्तेत आणि केव्हापासून, हे सारे त्या एका कागदावर असते. तो हाती असला की साताऱ्याचा मुलगा नागपुरात जाऊन त्याच इयत्तेत बसतो. दहावी म्हणजे दहावी, मग ती कुठली का असेना, ही आपली पक्की समजूत. हीच समजूत मनात घेऊन एखादे मराठी कुटुंब पंधरा-सोळा वर्षे इंग्लंडमध्ये काढते आणि मग आईच्या किंवा वडिलांच्या नोकरीपायी अमेरिकेला जायला निघते. मूल ब्रिटिश पासपोर्टचे, इंग्रजीत वाढलेले, अभ्यासात बरे. भाषा तीच, मग प्रवेशाला अडचण ती काय यावी? पण अमेरिकेतल्या हायस्कूलच्या कचेरीत जो पहिला कागद मागितला जातो, तो इंग्लंडमधली शाळा सहसा तयारच करीत नाही.

त्या कागदाचे नाव ट्रान्सक्रिप्ट. नवव्या इयत्तेपासून कोणत्या सत्रात कोणता विषय घेतला, त्यात कोणती श्रेणी मिळाली आणि त्याची किती क्रेडिट जमा झाली, याचा तो एकत्रित हिशेब. विद्यापीठे पुढे हाच कागद पाहतात. ब्रिटिश मुलाच्या हातात असतात ती शाळेची प्रगतिपत्रके आणि शिक्षकांनी वर्तवलेल्या अपेक्षित श्रेणी. अमेरिकन हिशेबवहीत त्या कुठल्या रकान्यात लिहायच्या, हे कुणालाच चटकन सांगता येत नाही.

सुगी आणि रोजंदारी

हा फरक कागदाचा वाटला तरी मुळात तो दोन शिक्षणपद्धतींचा आहे. इंग्लंडमध्ये इयर टेन आणि इयर इलेव्हन ही दोन वर्षे मिळून जीसीएसईचा अभ्यास होतो. जुन्या ओ लेव्हल आणि सीएसई या दोन परीक्षांच्या जागी ही परीक्षा आली आणि १९८८च्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा घेतली गेली. २०१७पासून इंग्लंडमध्ये तिच्या अक्षरी श्रेणी जाऊन ९ ते १ असे आकडे येऊ लागले. बहुतेक विषयांत दोन वर्षांच्या कष्टांचे मोल शेवटच्या काही आठवड्यांतल्या लेखी परीक्षेत ठरते. पीक उभे असते, पण सुगी एकदाच.

अमेरिकेत रोजंदारी आहे. गृहपाठ, छोट्या चाचण्या, प्रकल्प, सत्रपरीक्षा या सगळ्यांचे गुण रोजच्या रोज वहीत चढतात आणि त्यांची सरासरी ४ पैकी काढून जीपीए तयार होतो. विषय किती तास शिकला यावर क्रेडिट मोजण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने रूढ झाली. १२० तासांच्या अध्यापनाला एक ‘कार्नेगी युनिट’ असे ते माप. पण राज्य बदलले की आकडाही बदलतो. न्यू जर्सीत पदविकेसाठी १२० क्रेडिट लागतात, तर टेक्ससमधला विद्यार्थी सर्वसाधारणपणे २६ क्रेडिट मिळवून बाहेर पडतो. अभ्यास एकाचा पाचपट आहे असे नव्हे, मोजायची फूटपट्टी वेगळी आहे. केंद्रीय शिक्षण मंडळ नावाची वस्तू तिथे नाही. राज्य नियम करते आणि मुलाला कुठे बसवायचे हे स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवते. अशी डिस्ट्रिक्ट देशभरात सुमारे तेरा हजार आहेत.

इयत्तेचे गणित वरवर सोपे आहे. इंग्लंडच्या इयरमधून एक वजा केला की अमेरिकेचा ग्रेड मिळतो. इयर टेन म्हणजे नववा ग्रेड, इयर इलेव्हन म्हणजे दहावा. अडचण येते विषयांची. जीसीएसईच्या गणितात बीजगणित, भूमिती आणि संख्याशास्त्र सगळे हातात हात घालून चालते. महाराष्ट्रातल्या दहावीतही बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात दोन भागांत असतात, त्यामुळे आपल्याला त्यात नवल वाटत नाही. अमेरिकेतल्या अनेक शाळांत मात्र एक वर्ष बीजगणित, पुढचे वर्ष संपूर्ण भूमिती, त्यानंतर पुन्हा बीजगणिताचा दुसरा भाग, अशी चळत असते. ‘भूमिती झाली आहे का?’ या प्रश्नाला इयर टेनच्या मुलीने काय उत्तर द्यावे? निम्मी झाली, पण बीजगणिताचा दुसरा भागही निम्मा झाला, हेच खरे उत्तर आणि त्याला फॉर्मवर चौकोन नाही. विज्ञानाचेही तसेच. इंग्लंडमध्ये जीव, रसायन आणि भौतिक ही तिन्ही शास्त्रे बरोबरीने शिकवली जातात, अमेरिकेत बहुधा वर्षाला एक. मग कधी हुशार मुलगी आधीच शिकलेल्या धड्यांत वर्षभर जांभया देते, तर कधी न शिकलेल्या धड्यांत एकदम फेकली जाते.

पत्ता हीच पात्रता

‘पब्लिक स्कूल’ हा शब्दही फसवा आहे. इंग्लंडमध्ये पब्लिक स्कूल म्हणजे ईटन, हॅरो यांसारखी भरमसाट फी घेणारी खाजगी शाळा, अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी आणि मोफत. तिथे प्रवेशाची पहिली अट पत्ता ही. घराचा भाडेकरार, विजेचे किंवा गॅसचे बिल दाखवावे लागते आणि ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत घर त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शाळा. शाळांच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणून श्रीमंत वस्तीतली शाळा आणि गरीब वस्तीतली शाळा यांत जमीनअस्मानाचा फरक पडू शकतो. हा फरक राज्यघटनेत बसत नाही, असे म्हणत टेक्ससमधले पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९७३ साली न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला. तेव्हा घर भाड्याने घेताना स्वयंपाकघर पाहण्याआधी शाळेची हद्द पाहावी, हा तिथे राहिलेल्यांचा सल्ला अगदी व्यवहाराचा आहे.

व्हिसाची गोष्ट निराळी. आई किंवा वडील एल-१ अथवा एच-१बी व्हिसावर असतील तर मुलाला अवलंबिताचा एल-२ किंवा एच-४ मिळतो आणि सरकारी शाळेचे दार त्याला मोफत उघडते. ‘आत्ता मुलाला एकट्याला काकाकडे पाठवू, आपण वर्षभराने जाऊ’ असा विचार मात्र करू नये. १९९६च्या कायद्यानुसार एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलमध्ये एकूण १२ महिनेच राहता येते आणि तेही शिक्षणाचा पूर्ण खर्च भरून.

लसींची यादी हे आणखी एक अनपेक्षित कुंपण. अनेक राज्यांत शाळेसाठी कांजिण्यांची आणि हिपॅटायटिस-बीची लस सक्तीची आहे. आज ब्रिटनमध्ये पौगंडावस्थेत असलेल्या मुलांच्या बाळपणी कांजिण्यांची लस तिथल्या नियमित वेळापत्रकात नव्हती आणि हिपॅटायटिस-बीची लस सर्व बाळांना द्यायला सुरुवात झाली ती २०१७मध्ये. म्हणजे सगळ्या लसी वेळेवर घेतलेले मूलही अमेरिकेच्या यादीत अपुरे ठरते. हिपॅटायटिसच्या मात्रांमध्ये काही महिन्यांचे अंतर लागते, म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरकडून लसीकरणाची नोंद घेऊन सुरुवात केलेली बरी.

घरची भाषा कोणती?

प्रवेशाच्या कागदांत एक साधासा फॉर्म असतो. मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकले? घरात कोणती भाषा बोलली जाते? १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषिक मुलांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की इंग्रजी न येणाऱ्या मुलाला नुसते वर्गात बसवून शाळेची जबाबदारी संपत नाही. त्या निकालाच्या बळावर अशा मुलांना हुडकून मदत करण्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिचा हा फॉर्म एक भाग आहे. त्यावर ‘मराठी’ असे लिहिले की इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, शेक्सपिअर शिकलेल्या मुलीचीही इंग्रजीची चाचणी घेतली जाऊ शकते.

इथे पुष्कळ पालक बिचकतात. मुलीवर ‘इंग्रजी शिकणारी’ असा शिक्का बसेल या भीतीने ‘इंग्रजी’ असे लिहून मोकळे होतात. ही भीती अनाठायी आहे. चाचणीत मुलगी सहज उत्तीर्ण होते, शिक्का बसत नाही आणि प्रश्न मिटतो. घरात आजीशी, आईशी जी भाषा बोलतो ती कागदावर नाकारायला आपणच मुलाला शिकवले, तर मग शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत त्याला कोणत्या तोंडाने पाठवणार? लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. एवढ्या वर्षांच्या धडपडीनंतर एका फॉर्मपुढे मराठीने मान खाली घालावी, असे काही नाही.

कधी जावे?

खरा प्रश्न आहे तो मुलाच्या वयाचा. इयर टेन सुरू होण्यापूर्वी गेले तर मूल नवव्या ग्रेडमध्ये इतरांबरोबरच कोऱ्या पाटीने बसते. जीसीएसई पूर्ण करून गेले तर हाती एक मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असते आणि ते अकराव्या ग्रेडमध्ये जाते. या दोन वेळा त्यातल्या त्यात बऱ्या. इयर इलेव्हनच्या मध्यावर किंवा ए लेव्हलच्या पहिल्या वर्षानंतर जाणे सर्वांत महागात पडते, कारण इकडची परीक्षा होत नाही आणि तिकडची क्रेडिट भरत नाहीत. त्यातच अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था हे विषय बहुतेक राज्यांत सक्तीचे. ट्यूडर राजे आणि औद्योगिक क्रांती तोंडपाठ असलेल्या मुलाला बाराव्या ग्रेडमध्ये बसून लहान मुलांबरोबर अमेरिकन राज्यक्रांती शिकावी लागते, नाहीतर पदविका अडते.

नोकरी मात्र मुलाची इयत्ता पाहून येत नाही. मग निघण्यापूर्वी करण्यासारखे काय आहे? इंग्लंडच्या शाळेकडून तिच्या अधिकृत कागदावर एक पत्र घ्यावे. कोणते विषय, आठवड्याला किती तास, कोणत्या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम, त्यातला कोणता भाग पूर्ण झाला, हे सगळे त्यात असावे. सोबत अभ्यासक्रमाची प्रत ठेवावी. अमेरिकेत गेल्यावर गणिताची आणि विज्ञानाची पातळी ठरवणारी चाचणी मागून घ्यावी. काउन्सेलर नाही म्हणाला तर नम्रपणे पुन्हा मागावी. तिथे विचारणाऱ्याला मिळते, गप्प बसणाऱ्याला उरलेले वर्ग मिळतात.

पुढचेही थोडे पाहून ठेवावे. ब्रिटनमधल्या विद्यापीठात स्थानिक दराची फी लागायला साधारणपणे आधीची तीन वर्षे तिथले वास्तव्य लागते. पालकांच्या तात्पुरत्या नोकरीसाठी परदेशी राहिलेल्यांना सवलत मिळू शकते, पण ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. नुसता लाल-निळा पासपोर्ट त्याला पुरत नाही. इकडे अमेरिकेत ग्रीन कार्डाची रांग नागरिकत्वावर लागत नाही, जन्मदेशावर लागते. आई-वडील दोघेही भारतात जन्मलेले असतील तर हातात ब्रिटिश पासपोर्ट असूनही अर्ज भारताच्याच लांबलचक रांगेत उभा राहतो आणि मूल २१ वर्षांचे झाले की अवलंबित म्हणून मिळालेला व्हिसा संपतो. पंधराव्या वर्षी गेलेल्या मुलाच्या हाती सहाच वर्षे असतात.

यातले काहीच न जाण्याचे कारण नव्हे. पिवळी बस, गणवेश नसलेले वर्ग, एकाच दिवशी बँडचा सराव आणि रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, पुष्कळ मुले यात खुलतात. सकाळी ध्वजाला निष्ठेची शपथ घेताना ब्रिटिश मुलाने गप्प उभे राहिले तरी चालते. शपथेची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४३ सालीच सांगून ठेवले आहे. पण पंधराव्या वर्षी मित्र, बोलण्याची ढब आणि वर्गातली जागा ही एकाच वेळी सोडायची असतात, आणि तीही स्वतः न घेतलेल्या निर्णयासाठी. घराचा करार, सामानाचा कंटेनर, विमानाची तिकिटे यांची चर्चा महिनोन्‌महिने चालते. त्या टेबलाशी मुलालाही बसवावे, त्याच्यापुढे दोन्ही देशांच्या विषयांची यादी ठेवावी आणि कोणत्या महिन्यात निघायचे यावर त्याचे म्हणणे ऐकावे. बदलीचा हुकूम आईच्या नाहीतर वडिलांच्या नावाने येतो, वर्ष मात्र मुलाचे जाते.