घरसामान, दलाल आणि बिल्टीवरचे नाव

शिरगावची ओळख प्रतिशिर्डी म्हणून महाराष्ट्रभर झाली असली, तरी सोमाटणे फाट्यावरून आत जाताना लागणारे हे गाव आणि त्याच्या भोवतालचा गहुंजे, सोमाटणे, तळेगाव दाभाडे हा पट्टा आज प्रामुख्याने बिऱ्हाडे हलवणाऱ्यांचा पट्टा झाला आहे. तळेगाव व चाकणचे कारखाने, हिंजवडीतील संगणक कंपन्या, तळेगावचे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आणि लोणावळ्याची आयएनएस शिवाजी ही नौदलाची प्रशिक्षण संस्था यांमुळे बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबे येथे बारमाही असतात. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला, २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले आणि पुढे तो ह्युंदाईने घेतला. उद्योगाच्या अशा प्रत्येक वळणावर काही संसार ट्रकवर चढतात आणि काही उतरतात. मात्र ज्याच्या हाती हा संसार सोपवला जातो, तो नेमका कोण, याची चौकशी बहुतेक घरांत केवळ भाड्याच्या आकड्यापुरती होते.

ही चौकशी अपुरी पडते, कारण ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ या एकाच पाटीखाली तीन वेगवेगळे व्यवसाय चालतात. पहिला, स्वतःची माणसे, गोदाम आणि गाड्या असलेला वाहतूकदार. दुसरा, सामान स्वतः बांधून देणारा, पण गाडी भाड्याने घेणारा कंत्राटदार. आणि तिसरा दलाल, ज्याच्याकडे गाडीही नसते आणि हमालही नसतात, असते ती फक्त गिऱ्हाईक मिळवण्याची यंत्रणा. एखाद्या संकेतस्थळावर नाव, दूरध्वनी क्रमांक आणि मुक्काम भरताच थोड्याच वेळात चार-पाच ठिकाणांहून फोन येऊ लागतात, याचे कारण भरलेली माहिती एकाच वेळी अनेकांना विकली गेलेली असते. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला ‘टोकन’ म्हणून आगाऊ रक्कम मिळते, आणि मग तो दलाल तेच काम आणखी कमी दरात एखाद्या गाडीमालकाकडे सोपवतो. प्रत्यक्ष सामान उचलायला येणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाशी काय ठरले आहे, हे पुष्कळदा माहीतही नसते. त्याच्या पदरात पडणारी रक्कम तुटपुंजी असल्याने ती तूट मजल्यांची वाढीव हमाली, ‘सामान जास्त निघाले’ ही सबब किंवा वाटेतील नवी मागणी यांतून भरून काढली जाते. अतिस्वस्त दराची किंमत शेवटी गिऱ्हाईक आणि हमाल या दोघांकडून वसूल होते, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

याचा अर्थ दलाली हा मुळातच लबाडीचा धंदा आहे, असा नाही. नागपूरहून माल घेऊन चाकणला आलेला ट्रक परतीच्या वाटेवर रिकामा जाणार असेल आणि कोणी मध्यस्थाने त्यात तळेगावच्या एखाद्या कुटुंबाचे सामान बसवून दिले, तर गाडीमालकाचे डिझेल सुटते आणि कुटुंबाचे भाडेही वाचते. माल वाहतुकीचा मोठा भाग अशा मध्यस्थीवरच उभा आहे. आक्षेप आहे तो मध्यस्थाने आपण मध्यस्थ आहोत हे लपवण्याला. अमेरिकेत घरसामानाच्या आंतरराज्य वाहतुकीतील दलालांना वेगळी नोंदणी करावी लागते आणि आपण दलाल आहोत, वाहतूकदार नव्हे, हे जाहिरातीत सांगावे लागते. भारतात घरसामानापुरता असा स्वतंत्र नियम नाही.

भारतीय कायद्याने मात्र याहून सरळ मार्ग धरला आहे, आणि त्याची माहिती फार थोड्या ग्राहकांना असते. इंग्रजांच्या काळातील १८६५ च्या वाहक कायद्याच्या जागी रस्तामार्गे वाहतूक अधिनियम, २००७ आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. ‘सामान्य वाहक’, म्हणजे भेदभाव न करता कोणाचाही माल भाडे घेऊन नेणारा व्यावसायिक, याची जी व्याख्या या अधिनियमात आहे, तिच्यात माल बुकिंग करणारी कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि दलाल यांचाही समावेश आहे. अशा प्रत्येकाने परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. म्हणून ‘आम्ही फक्त गाडी लावून दिली, पुढचे चालकाला विचारा’ हे नुकसानीनंतर हमखास ऐकू येणारे उत्तर कायद्यापुढे सहजासहजी टिकण्यासारखे नाही. परंतु कायद्याचा हा आधार मिळण्यासाठी व्यवहार कागदावर असावा लागतो, आणि गोष्ट बिघडते ती तेथेच.

हे कागद मुख्यतः दोन आहेत. माल पाठवणाऱ्याने मालाचे वर्णन आणि किंमत लिहून वाहकाला द्यायचे पत्र म्हणजे गुड्स फॉरवर्डिंग नोट. आणि माल ताब्यात घेतल्यावर वाहकाने द्यायची पावती म्हणजे व्यवहारातली बिल्टी. ज्याला पैसे दिले त्याचेच नाव बिल्टीवर आहे काय, हे सामान गाडीत चढण्यापूर्वी पाहिले पाहिजे. किमतीचा रकानाही रिकामा सोडू नये. या अधिनियमाखालील २०११ च्या नियमांनुसार वाहकाची भरपाईची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपलीकडे जात नाही. म्हणजे भाडे ९,००० रुपये असेल, तर पाच लाखांच्या सामानासाठीही ९०,००० रुपयांवर मर्यादा येते. अधिक जोखीम वाहकाने घ्यावी असे वाटत असेल, तर जास्त दर देऊन तसे लेखी ठरवावे लागते. ‘इन्शुरन्स’ म्हणून जी वेगळी रक्कम घेतली जाते, तिच्याबद्दल विमा कंपनीचे नाव असलेली पॉलिसी हातात आली नाही, तर तो विमा झालाच नाही असे समजावे.

नावाच्या मोठेपणावर विसंबणे तर विशेष धोक्याचे आहे. अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स या नावाशी साधर्म्य असलेल्या पाट्या देशभर इतक्या झाल्या की हे व्यापारचिन्ह धारण करणारी डीआरएस लॉजिस्टिक्स ही कंपनी थेट गुगलविरुद्ध न्यायालयात गेली, कारण तिचे नाव शोधणाऱ्यांना प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती दिसत होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२३ च्या निकालात, दुसऱ्याचे व्यापारचिन्ह जाहिरातीसाठी शोधशब्द म्हणून वापरणे एवढ्यानेच उल्लंघन होत नाही, पण त्यातून लोकांची दिशाभूल होत असेल तर गुगललाही केवळ मध्यस्थ म्हणून अंग काढून घेता येणार नाही, असे म्हटले. शोधात सर्वांत वर दिसणारे नाव ही विश्वासार्हतेची खूण नव्हे, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते. त्यापेक्षा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासणे उपयोगी ठरते. पंधरा अंकाक्षरांच्या या क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्रात २७ ने होते आणि त्यावरून नोंदलेले नाव व पत्ता कळतो. तो पत्ता निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतला असेल, तर शिरगावहून तेथे जाऊन गोदाम पाहून येणे काही अवघड नाही. घरी येऊन सामान न पाहता फोनवरच पक्का दर सांगणाऱ्याला, किंवा बदलीच्या भत्त्यासाठी ‘हवे तेवढ्याचे बिल देऊ’ म्हणणाऱ्याला, दारातूनच परत पाठवावे. दरपत्रकात बांधणी, चढ-उताराची हमाली, मजले, टोल आणि पोहोचण्याची तारीख लिहून घ्यावी. सामान उतरवण्यासाठी गुरुवार टाळणेही बरे, कारण त्या दिवशी साईमंदिराच्या दर्शनाची गर्दी शिरगावच्या रस्त्यावर असते.

वाटेत गाडी थांबवून जकात किंवा ई-वे बिलाच्या नावाखाली पैसे मागितले गेले, तर ती मागणी खोटी समजावी. महाराष्ट्रात जकात उरलेली नाही. मुंबईतील शेवटची जकातही १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर संपली, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. सामान अडवून ठेवणे किंवा परस्पर लंपास करणे हा निव्वळ ‘व्यवहारातला वाद’ नव्हे. वाहक म्हणून सोपवलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि त्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. आगाऊ रक्कम घेऊन फोन बंद करणाऱ्यांविरुद्ध १९३० या सायबर मदतवाहिनीवर तात्काळ कळवणे श्रेयस्कर, कारण पहिल्या काही तासांतच पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.

मोडतोड किंवा गहाळ वस्तूंबाबत एक मुदत प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी: बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी नोटीस गेली नाही, तर रस्तामार्गे वाहतूक अधिनियमाखाली दावा लावता येत नाही. म्हणून खोके उघडताना छायाचित्रे काढून, पोहोच पावतीवर नुकसान लिहूनच सही करावी आणि नोटीस रजिस्टर टपालाने पाठवावी. त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. वाहतूकदार दिल्लीचा असो वा बंगळूरचा, शिरगावच्या रहिवाशाला पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी एक रुपयाही शुल्क लागत नाही.