विश्लेषण : जुन्या पद्मिनीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का?

प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी अनेक हौशी मालकांनी मात्र आजही जपली आहे. सकाळी चटकन सुरू न होणे, चालताना मिसिंग, कमी पिकअप या तक्रारींवर ‘सीबी पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा’ असा सल्ला मिळतो. तो मानावा का?

सीबी पॉइंटचे काम काय?

बॅटरी १२ व्होल्ट देते, पण प्लगमध्ये ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. इग्निशन कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला, की तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात इतके व्होल्टेज तयार होते. हा प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करतात. अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास ही पद्धत विकसित केली.

मग बिघडते कुठे?

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. दर वेळी त्यांच्यातही छोटी ठिणगी उडते आणि ते जळत जातात. कॅमवर घासणारी टाचही झिजते. त्यामुळे पॉइंटमधली फट कमी होते आणि टायमिंग मागे पडते. पिकअप घटतो, पेट्रोल जास्त जळते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनने काय बदलते?

रोटरखाली चुंबकाची कडी बसते. ती फिरली की सेन्सरला इशारा मिळतो आणि ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. घासणारा भागच नसल्याने टायमिंग स्थिर राहते. सगळे जुन्याच कॅपखाली बसत असल्याने बाहेरून फरकही दिसत नाही. मात्र इंजिनाची ताकद वाढेल, ही अपेक्षा चुकीची. बिघडलेला कार्ब्युरेटर किंवा डिस्ट्रिब्युटरच्या झिजलेल्या बुशची दुरुस्तीही याने होत नाही.

बसवण्यापूर्वी काय तपासावे?

- कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. मॉड्यूलसाठी सांगितलेल्या किमान ओहमपेक्षा तो कमी असेल, तर मॉड्यूल जळू शकते.
- मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात का पाहा. बॅलास्ट रेझिस्टरच्या पुढून वायर घेतल्यास व्होल्टेज कमी पडते.
- तांब्याच्या साध्या प्लग वायरऐवजी रेझिस्टन्स असलेल्या वायर वापरा.
- काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. तिथे मॉड्यूलही तसेच घ्यावे लागते.
- काम झाल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावून घ्या.

इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’ करून गाणी ऐकत बसू नका. कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापून खराब होऊ शकतात.

धोका कोणता?

पॉइंट बहुधा कुरकुरत, सूचना देत बिघडतात. पॉलिश पेपर आणि फिलर गेज असले, तर रस्त्याच्या कडेलाही काम भागते. मॉड्यूल मात्र न सांगता बंद पडू शकते आणि रात्री घाटात ते दुरुस्त होत नाही. म्हणून काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर भंगारात देऊ नका, डिकीत ठेवा.

आणखी एक कारण आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. तशी नोंदणी करायची असेल, तर बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

मग निर्णय काय?

गाडी दर आठवड्याला रस्त्यावर येत असेल, तर हा बदल फायद्याचा आहे. वर्षातून एखाद्या रॅलीपुरतीच निघत असेल, तर चांगले पॉइंट आणि नीट लावलेले टायमिंग पुरेसे आहे.