खरा अशोक ओळखावा कसा, लावावा कसा?

चैत्र शुद्ध अष्टमीस पंचांगात ‘अशोककलिकाप्राशन’ असा उल्लेख असतो. त्या दिवशी अशोकाच्या आठ कळ्या सेवन करण्याचा प्रघात आहे. परंतु आपल्यापैकी कित्येक मंडळी ज्या उंच, सरळसोट झाडास अशोक म्हणतात, तो अशोक नव्हेच. बडोद्यास ज्याच्या पानांची तोरणे बांधतात, तो हा आसोपालव, सीताफळाच्या कुळातला. खरा अशोक, म्हणजेच सीता-अशोक, चिंचेच्या कुळातला आहे.

पानांवरून भेद लगेच कळतो. आसोपालवाचे पान एकेरी, लांबट व लहरी कडांचे असते. अशोकाच्या एका देठावर पानांच्या चार ते सहा जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस, मऊ व खाली लोंबणारी. माघ ते चैत्र या काळात खोडावर व फांद्यांवर सुवासिक फुलांचे गुच्छ येतात. ती आधी नारिंगी, मग लाल होतात. गंमत अशी की, या फुलास पाकळ्या नसतातच. रंग असतो तो पुष्पकोशाचा. आसोपालवाची फुले मात्र हिरवट. अशोकास चपट्या शेंगा येतात, आसोपालवास लहान अंडाकृती फळे.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. अशोकारिष्टात अशोकाचीच साल लागते. मागणी मोठी व झाडे थोडी, म्हणून बाजारात आसोपालवाच्या सालीची भेसळ होते. सह्याद्रीतील ओढ्याकाठची झाडे साल सोलल्याने मरतात. १९९८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या वृक्षाची गणना धोक्यातील जातींत केली. तेव्हा तो घरोघर लावणे हाच उपाय.

बी ताजेच पेरावे. साठवल्यास ते लवकर निर्जीव होते. रात्रभर भिजवून माती, वाळू व शेणखताच्या मिश्रणात इंचभर खोल लावावे व पिशवी सावलीत ठेवावी. पुढील पावसाळ्यात रोप जमिनीत लावावे. हा मूळचा ओलाव्याचा वृक्ष. बडोदे-इंदूरकडील उन्हाळा त्यास सोसत नाही. म्हणून विहिरीजवळ किंवा घराच्या पूर्वेस, दुपारी सावली पडेल अशी जागा निवडावी. पहिली तीन-चार वर्षे नियमित पाणी द्यावे, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. मात्र पाणी साचू देऊ नये. वाढ मंद असते, धीर धरावा.

रोपवाटिकेत नुसते ‘अशोक’ म्हटल्यास बहुधा आसोपालवच हाती येतो. ‘सीता-अशोक’ मागावा व जोडपाने पाहूनच पैसे द्यावेत. प्रत्येक कुटुंबाने एक रोप जगविले, तरी पुढील पिढीस अष्टमीच्या कळ्या घरच्या अंगणात मिळतील.