संकेतस्थळांच्या पार्श्वभूमीची नक्षी : पुनरावृत्तीचे गणित

संकेतस्थळाच्या पानामागील नक्षी तयार करून देणारी अनेक साधने आज महाजालावर उपलब्ध आहेत. रंग, रेषेची जाडी आणि आकृतीचे आकारमान ही तीन-चार मूल्ये बदलावीत व सिद्ध झालेली नक्षी उतरवून घ्यावी, इतके त्यांचे कार्य सोपे भासते. त्यामुळे येथे निवडीला मर्यादाच नाही, असा समज होतो. वस्तुतः या साधनांवर दोन बंधने असतात : एक भूमितीचे व दुसरे पूर्णांकांचे. ती ध्यानात घेतल्यावाचून नक्षीचे गुणदोष पारखता येत नाहीत.

पार्श्वभूमीची नक्षी सामान्यतः पानाएवढी नसते. साधन एक लहान आयताकृती तुकडा तयार करते आणि ब्राउझर तो फरशीप्रमाणे शेजारी शेजारी मांडत जातो. डिसेंबर १९९६ मध्ये सिद्ध झालेल्या सीएसएसच्या पहिल्या मानकात ही पुनरावृत्ती आडवी, उभी, दोन्ही दिशांनी की मुळीच नको, हे सांगण्याची सोय करण्यात आली. काहीच न सांगितल्यास ती दोन्ही दिशांनी होते. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर १२० पिक्सेल बाजूची चौरस फरशी १४४ वेळा येते. ब्राउझर मात्र फरशी केवळ सरकवितो. तो ती फिरवीत नाही वा आरशातल्यासारखी उलटवीतही नाही. नक्षीत जे परिभ्रमण किंवा परावर्तन हवे असेल, ते सर्व फरशीच्या आतच सामावलेले असावे लागते.

सांधा न दिसण्यासाठी फरशीची डावी कड उजवीशी आणि वरची कड खालचीशी जुळली पाहिजे. गणिताच्या भाषेत, आयताच्या समोरासमोरील कडा जोडल्यावर जे कंकणाकृती पृष्ठ तयार होते, त्यावर चित्र अखंड असले पाहिजे. याची परीक्षा सोपी आहे. चित्र अर्धी रुंदी व अर्धी उंची यांइतके सरकवावे आणि एका कडेने बाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत घ्यावा. असे केल्याने सर्व कडा मध्यभागी येतात व सांध्याचा दोष तत्काळ उघडा पडतो.

आता भूमितीचे बंधन पाहू. प्रतलावर दोन स्वतंत्र दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या नक्षींचे, त्यांच्या सममितीच्या दृष्टीने, केवळ १७ प्रकार संभवतात. हा सिद्धांत रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केला आणि १९२४ मध्ये पोल्या यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. अशा नक्षीत परिभ्रमण असल्यास ते १८०, १२०, ९० किंवा ६० अंशांचेच असू शकते. पंचकोनी परिभ्रमण पुनरावृत्तीशी सुसंगत ठरत नाही. म्हणजेच एखाद्या साधनाने सहस्रावधी नमुने दाखविले, तरी ते याच १७ सांगाड्यांवर चढविलेले अलंकार असतात.

दुसरे बंधन अधिक सूक्ष्म आहे. उपरिनिर्दिष्ट १७ प्रकारांपैकी पाचांत १२० किंवा ६० अंशांचे परिभ्रमण असते. मधाच्या पोळ्यासारखी नियमित षट्कोनांची जाळी हे त्याचे परिचित उदाहरण होय. ती आयताकृती फरशीत बसविण्यासाठी बाजूंचे गुणोत्तर १ : √३ असावे लागते. परंतु √३ ही अपरिमेय संख्या आहे आणि पिक्सेल तर पूर्णांकांतच मोजावयाचे! म्हणून पिक्सेलनिर्मित फरशीत नियमित षट्कोन कधीच अचूक बसत नाही. ४ : ७ हे गुणोत्तर घेतल्यास सुमारे एक टक्का चूक राहते, १५ : २६ घेतल्यास ती ०·१ टक्क्याहून कमी होते. तिरप्या पट्ट्यांचेही असेच आहे. ४५ अंशांच्या पट्ट्यांमध्ये १० पिक्सेलचे लंबांतर हवे असल्यास चौरस फरशीची बाजू १४·१४ पिक्सेल यावी लागते. साधन ती १४ करते आणि अंतर ९·९ होते. एसव्हीजीसारख्या रेखाधिष्ठित पद्धतीत फरशीचे माप अपूर्णांकात देता येते खरे. तथापि पडदा पिक्सेलांचाच असल्यामुळे तडजोड नाहीशी न होता केवळ पुढे ढकलली जाते आणि प्रसंगी सांध्यावर पुसट रेघ उमटते.

सांधा निर्दोष असूनही नक्षी सदोष ठरू शकते. फरशीत एखादा ठळक ठिपका असल्यास तो ठरावीक अंतराने पुनःपुन्हा दिसतो व नेत्र त्याच्याच रांगा शोधू लागतो. यावर अंकगणितातच उपाय आहे. २३, ३१ आणि ४१ पिक्सेल रुंदीच्या तीन पारदर्शक फरश्या एकावर एक मांडल्यास, या संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसल्याने, आडव्या दिशेने संयुक्त नक्षीची पुनरावृत्ती २९,२३३ पिक्सेलनंतर होते. एवढा रुंद पडदा व्यवहारात आढळत नाही; त्यामुळे नक्षी अनावर्तीच भासते.

अखेरीस, पार्श्वभूमीचे प्रयोजन मजकुराला आधार देणे हे आहे. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २·० या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, एए या पातळीसाठी, सामान्य आकाराची अक्षरे व त्यांची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४·५ : १ असावे, असे सांगितले आहे. नक्षी असेल तेथे हे गुणोत्तर सरासरी रंगाशी मोजून भागत नाही. अक्षराच्या छटेला सर्वांत जवळच्या छटेशीच ते मोजले पाहिजे. देवनागरीच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. शिरोरेषा ही आडवी रेषा असल्यामुळे तितक्याच जाडीच्या आडव्या पट्ट्यांची नक्षी तिच्याशी स्पर्धा करते, आणि मात्रा, रफार व अनुस्वार ही शिरोरेषेवरील चिन्हे वाचताना अडथळा येतो. सांधा, गुणोत्तर, आवर्तन आणि वाचनीयता या चार कसोट्यांपैकी पहिल्या तिन्हींना साधन काही प्रमाणात उत्तर देऊ शकते. चौथीचा निर्णय मात्र प्रत्यक्ष मजकूर नक्षीवर ठेवून वापरणाऱ्यालाच करावा लागतो.