पांढुर्ण्याचा रफार पडद्यावर दिसतो का?

साध्या टेक्स्ट एडिटरमधली फॉन्ट, अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर आणि रंग यांची सेटिंग बहुतेकांना हौसेची बाब वाटते. इंग्रजी लिहिणाऱ्यासाठी ती बऱ्याच अंशी तशी आहेही. मराठीचे तसे नाही, आणि पांढुर्णा-सौंसरकडच्या मराठीचे तर मुळीच नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत शेजारचे नागपूर, अमरावती मुंबई राज्यात गेले आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आले. हे दोन तालुके छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशातच राहिले. २०२३मध्ये त्यांचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी हा इथला रिवाज. संगणकही देवनागरी म्हणजे हिंदी असेच धरून चालतो.

या दोन गावांची नावेच टाइप करून पाहावीत. ‘सौंसर’मध्ये पहिल्या ‘स’च्या काना-मात्रांवर अनुस्वार बसतो. ‘पांढुर्णा’त एका शब्दात अनुस्वार, खाली उकार आणि वर रफार. पुढे ‘पांढुर्ण्याच्या संत्र्यांना’ लिहिले की जोडाक्षरांची दाटी होते. इंग्रजीला पुरणाऱ्या आकारात सौंसरचे टिंब मात्रेत मिसळते. ओळी जवळ असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. म्हणून आकार दोन-तीन पॉइंटांनी मोठा आणि ओळीची उंची अक्षराच्या निदान दीडपट हवी. आणखी एक मेख आहे. सेटिंगमध्ये ‘कन्सोलास’ निवडलेला दिसतो, पण त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरे आणतो. नाव एकाचे आणि अक्षरे दुसऱ्याची. देवनागरीचा फॉन्ट आपण स्वतः नेमला नाही तर निवड आपली राहत नाही.

मराठी ‘ल’च्या डाव्या अंगाला दोन पाकळ्या असतात, हिंदी छापातल्या ‘ल’चे वळण निराळे. ‘श’चेही तसेच. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही ‘ल’ना एकच क्रमांक आहे, त्यामुळे फरक दाखवण्याचे काम पूर्णपणे फॉन्टवर येते. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी नेमली की मराठी वळण उमटते. वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये भाषा नेमता येते. साध्या एडिटरमध्ये सहसा ती सोय नसते, म्हणून तिथे ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घेणे बरे.

यावर कोणी म्हणेल, ‘ल’ कसाही काढला तरी वाचता येतोच, आणि सेटिंग बदलते ती फक्त आपल्या पडद्यावर. फाइल तीच राहते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण फाइल दुरुस्त करणारा माणूस पडद्यावर जे दिसते तेच दुरुस्त करतो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. हा फरक एका बारीक रेघेचा आहे. ती डोळ्याला दिसली नाही तर चूक तशीच छापखान्यात जाते. ‘ल’बद्दलही हिंदीशी भांडण नाही. हिंदीने आपले वळण राखले, तसेच मराठीनेही राखावे, एवढीच मागणी आहे, आणि जिथे पाट्या, अर्ज नि दाखले हिंदीत आहेत तिथे ते वळण राखण्याची जागा आपलाच पडदा उरतो.

रंगाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. हल्ली काळ्या पार्श्वभूमीची आवड आहे. ती डोळ्यांना सुखावत असेल तर खुशाल ठेवावी. मात्र त्यावर करडी अक्षरे नकोत. वेबवरच्या मजकुराच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण किमान ४.५ला १ सांगितले आहे. पांढऱ्यावर काळे असेल तर ते २१ला १ भरते. रोमन अक्षर ठळक रेघांवर उभे असते, ते किमान प्रमाणात निभावून जाईल. सौंसरच्या टिंबाला मात्र त्याहून बरेच जास्त प्रमाण लागते.