बिनतारी उपकरणांच्या चिपमधील सुप्त दोष : स्वरूप व उपाय

प्रस्तावना :
मोबाइल, राउटर, स्मार्ट दिवे इत्यादी उपकरणे निरनिराळ्या कंपन्यांची असली, तरी त्यांतील वायफाय व ब्लूटूथची चिप बहुधा मोजक्याच उत्पादकांची असते. परिणामी एका चिपमधील दोष असंख्य उपकरणांत एकाच वेळी उतरतो. चिपमध्ये स्वतंत्र फर्मवेअर चालत असल्याने तो सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीस पडत नाही. प्रस्तुत लेखात दोन प्रकरणांच्या आधारे अशा दोषांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१) क्रूक (२०२०) :
ब्रॉडकॉम व सायप्रेस यांच्या वायफाय चिपमधील हा दोष ईसेट या कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केला. जोडणी तुटताच चिप कूटबद्धतेची कळ पुसून तिच्या जागी शून्ये भरीत असे. हे योग्यच होते. परंतु पाठवावयाची राहिलेली माहिती त्याच शून्यांच्या कळीने कूटबद्ध होऊन बाहेर पडे. त्यामुळे परिसरातील हल्लेखोराला जोडणी वारंवार तोडून, पासवर्ड ठाऊक नसतानाही, माहितीचे तुकडे वाचता येत. एचटीटीपीएसद्वारे जाणारी माहिती मात्र त्या वेगळ्या संरक्षणामुळे सुरक्षित राही.

२) ईएसपी३२ (२०२५) :
विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही वापरल्या जाणाऱ्या, एस्प्रेसिफ कंपनीच्या या चिपमध्ये २९ अघोषित आज्ञा असल्याचे स्पेनमधील टारलॉजिक कंपनीने मार्च २०२५ मध्ये सांगितले. प्रारंभी त्यांस 'मागील दार' म्हटले गेले. नंतर कंपनीने 'छुपी सुविधा' असा शब्द स्वीकारला. या आज्ञांनी चिपची स्मृती वाचता व बदलता येते. मात्र त्या चाचणीसाठी असून ब्लूटूथ वा इंटरनेटवरून थेट देता येत नाहीत, असे उत्पादकाने स्पष्ट केले. म्हणजेच उपकरणावर आधीच ताबा मिळविलेल्यालाच त्यांचा उपयोग होतो.

निष्कर्ष :
दोषाची तीव्रता त्याच्या नावावरून ठरत नाही. 'तेथपर्यंत कोण पोहोचू शकतो?' या प्रश्नावरून ठरते. क्रूक हवेतून गाठता येत होता, ईएसपी३२ मधील आज्ञा तशा गाठता येत नाहीत. क्रूकवर सॉफ्टवेअर सुधारणा निघाल्या. पण ज्या उपकरणांत त्या बसविल्या गेल्या नाहीत, तेथे दोष तसाच राहिला. म्हणून महाविद्यालयांनी खरेदीच्या वेळी किमतीबरोबरच सुधारणा किती वर्षे मिळतील हे विचारावे आणि प्रयोगशाळेतील उपकरणे परीक्षा व लेखा विभागाच्या जाळ्यापासून अलग ठेवावीत. अदृश्य दोष टाळणे आपल्या हाती नसले, तरी त्याची व्याप्ती मर्यादित करणे निश्चितच आपल्या हाती आहे.